बॅप्टिस्ट मंडळीत पाळकपदाची तयारी: इतिहास, बाप्तिस्मा आणि सभासदांची सभा

सीनाकाठ

सर्वांना सलाम.

पुढच्या महिन्यात माझं परीक्षण आहे. आमची मंडळी पुण्यात, लहानशी, सत्तरेक सभासदांची. मंडळीने मला पाळक म्हणून बोलावलं आहे. पण बॅप्टिस्टांमध्ये बिशप नसतो, त्यामुळे वरून नेमणुकीचं पत्र येत नाही. शेजारच्या मंडळ्यांचे पाळक आणि प्रतिनिधी एकत्र बसतात आणि उमेदवाराला तीन गोष्टी विचारतात: तुझं तारण कसं झालं, तुला पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे हे कशावरून, आणि तू शिकवणार काय. ते फक्त शिफारस करतात. दीक्षा द्यायची की नाही हे मंडळीची सभा ठरवते.

माझं बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, झालं आहे, परीक्षेची भीती नाही. तरी आठ-दहा दिवस झोप नीट लागत नाही, म्हणून इथे लिहितोय. जाणत्यांनी कान धरावा.

परीक्षणापुढे मांडायच्या निवेदनात इतिहासाचा भाग असा लिहिला आहे. इंग्लंडमधल्या गेन्सबरोची एक मंडळी छळ टाळायला ॲमस्टरडॅमला गेली. तिथे १६०९ मध्ये जॉन स्मिथ याने लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे असं ठरवून आधी स्वतःला आणि मग बाकीच्यांना बाप्तिस्मा दिला. पुढे त्याला स्वतःच्याच कृतीबद्दल शंका आली आणि तो मेनोनाइटांकडे, म्हणजे विश्वासणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या तिथल्या जुन्या पंथाकडे, वळला. थॉमस हेल्विस वळला नाही. तो मूठभर लोकांना घेऊन परत लंडनला आला आणि स्पिटलफील्ड्सला इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली. १६१२ मध्ये त्याने धर्मस्वातंत्र्यावर पुस्तक छापलं आणि राजा पहिला जेम्स याच्यासाठी एका प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं, की राजा मर्त्य माणूस आहे, देव नाही, प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाही. ती प्रत आजही ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. हेल्विस न्यूगेटच्या तुरुंगात गेला आणि १६१६ च्या सुमारास वारला.

या माणसाने स्वातंत्र्य फक्त आपल्या लोकांसाठी मागितलं नाही. पाखंडी असो, तुर्क असो, यहुदी असो, कुणालाच शिक्षा करण्याचा अधिकार राजाला नाही, असं तो म्हणाला. १६१२ साली! आपल्या घटनेच्या २५ व्या अनुच्छेदात 'सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य' हे शब्द मी वाचतो तेव्हा मला दर वेळी हेल्विस आठवतो.

दुसरा प्रवाह १६३० च्या दशकातला. हे पर्टिक्युलर बॅप्टिस्ट, म्हणजे ख्रिस्त निवडलेल्यांसाठी मेला असं मानणारे. स्मिथ-हेल्विसचे लोक जनरल, म्हणजे तो सर्वांसाठी मेला असं मानणारे. लंडनच्या सात पर्टिक्युलर मंडळ्यांनी १६४४ मध्ये विश्वासाची कबुली छापली, नंतर १६८९ ची मोठी कबुली आली. आमची मंडळी या दुसऱ्या घराण्यातली.

आता माझा खरा प्रश्न. मी नगर जिल्ह्यातला. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, अमेरिकन मराठी मिशनचं, पुढे सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) गेलेलं. माझा बाप्तिस्मा मी चाळीस दिवसांचा असताना झाला. चोविसाव्या वर्षी पुण्यात मी विश्वासाने, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. आई आली होती. कार्यक्रम झाल्यावर मी ओल्या कपड्यांनी तिच्याजवळ गेलो तर तिने टॉवेल पुढे केला आणि हळूच विचारलं, "मग मी तेव्हा देवाला दिलं ते काय होतं रे?" तिच्या पत्र्याच्या पेटीत, गीतांच्या पुस्तकात, तो जुना दाखला अजून घडी घालून ठेवलेला आहे.

रोमकरांस पत्राचा बाप्तिस्म्यावरचा सहावा अध्याय मला पाठ आहे. बाप्तिस्म्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं, हेही सांगता येतं. आईला मात्र अजून उत्तर देता आलेलं नाही. पाळक झाल्यावर अशा पन्नास आया समोर येतील.

---

जुनी घंटा

बाळा, सलाम. मी एकेचाळीस वर्षं सेवा करून निवृत्त झालो. अशा परीक्षणांत उमेदवार म्हणून एकदा बसलो आणि परीक्षक म्हणून किती वेळा ते मोजलं नाही.

इतिहास चांगला मांडला आहेस. पण मंडळीच्या कारभाराबद्दल चार ओळीसुद्धा नाहीत, आणि बहुतेक तरुण पाळक तिथेच कोसळतात. सिद्धान्तात चुकून गेलेला पाळक मी क्वचित पाहिला. सभासदांच्या सभेत टिकाव न लागल्याने गेलेले पुष्कळ पाहिले.

पायापासून लिही. मत्तय १८ मध्ये भाऊ ऐकत नसेल तर शेवटी कुणाला कळवायचं? मंडळीला. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात सात जण कुणी निवडले? प्रेषितांनी शिष्यांचा समुदाय बोलावला आणि निवड त्यांच्यावर सोपवली. करिंथात त्या दोषी माणसाला घालवायचं काम पौलाने एकत्र जमलेल्या मंडळीला सांगितलं, आणि दुसऱ्या पत्रात तो म्हणतो की बहुतेकांनी केलेली शिक्षा पुरे. बहुतेकांनी, म्हणजे तिथे संख्या होती, लोकांचं मत होतं. याच्यावर आपली सगळी पद्धत उभी आहे: मंडळीचा मस्तक ख्रिस्त, आणि त्याची इच्छा शोधण्याची जबाबदारी जमलेल्या सगळ्या विश्वासणाऱ्यांची. सर्व विश्वासणारे याजक आहेत असं आपण शिकवतो. मग याजकांच्या सभेत पाळकाला मत किती? एक.

पदं दोनच. फिलिप्पैच्या पत्रात अध्यक्ष आणि सेवक अशी ती येतात. अध्यक्ष, वडील, पाळक ही एकाच पदाची तीन नावं, आणि सेवक म्हणजे आपले डिकन. काही मंडळ्यांत एक पाळक आणि डिकनांची समिती असते, काहींत अनेक वडील. दोन्ही बॅप्टिस्टच. मात्र डिकनांची समिती हळूहळू मालक होऊन बसते, तिथे लक्ष ठेव. अंदाजपत्रक, सभासद घेणं-काढणं, पाळक बोलावणं ही कामं सभेची आहेत. ती पंचांच्या खोलीत उरकली की मंडळी नावापुरती उरते.

आणि झोपेबद्दल. विल्यम केरीचं माहीत आहे ना? चांभारकाम करणारा तरुण. १७८५ मध्ये ओल्नीच्या मंडळीपुढे उपदेश करायला उभा राहिला आणि मंडळीने पहिल्या फटक्यात परवानगी दिली नाही. अजून काही काळ उपदेश करत राहा, मग पुन्हा आमच्यापुढे उभा राहा, असं ठरलं. वर्षभराने, १७८६ च्या ऑगस्टमध्ये, होकार मिळाला. केरीने ते मानलं. तुलाही थांबवलं तर थांब.

---

वसईचा वारा

मी कॅथलिक. कुतूहलाने विचारतोय, राग मानू नका. आमच्याकडे बिशप प्रेषितांच्या परंपरेतून येतो, त्यामुळे हा धर्मगुरू कुणाच्या अधिकाराने उभा आहे हा प्रश्न पडत नाही. तुमच्याकडे सत्तर माणसांनी हात वर केले की पाळक. उद्या त्याच सत्तर जणांनी चुकीची शिकवण मान्य केली तर त्यांना थांबवणारं कोण? आणि बाप्तिस्म्याला तुम्ही संस्कार म्हणत नाही, विधी म्हणता. एवढा भर ज्याच्यावर, त्यात कृपा मिळतच नाही असं कसं?

---

सीनाकाठ

काका, राग कसला, हेच परीक्षणात विचारणार आहेत.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. बॅप्टिस्ट साधारणपणे 'आज्ञाविधी' म्हणतात, कारण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन या दोन गोष्टी प्रभूने आज्ञा म्हणून दिल्या. पाण्याने तारण होत नाही, तारण झालेला माणूस पाण्यात उतरतो. म्हणूनच बाळाला देत नाही. मरणाच्या दारात वधस्तंभावर विश्वास ठेवलेला चोर पाण्याविना स्वर्गात गेला असंच आम्ही शिकवतो. पण 'नुसतं चिन्ह' हे शब्द मला आवडत नाहीत. १६८९ ची कबुली प्रभुभोजनाबद्दल म्हणते की विश्वासाने घेणाऱ्याचं तिथे आत्मिक पोषण होतं. नुसत्या आठवणीने पोट भरत नाही.

पहिला प्रश्न अवघड आहे. जुन्या बॅप्टिस्टांनी त्यासाठी दोन गोष्टी केल्या. एक, विश्वासाची लेखी कबुली, म्हणजे सत्तर जणांचं मत त्या दिवशीच्या लहरीवर जाणार नाही. दुसरी, मंडळ्यांचा संघ. अमेरिकेत फिलाडेल्फियाचा संघ १७०७ पासूनचा. संघ मंडळीवर हुकूम चालवत नाही, पण भरकटलेल्या मंडळीशी संबंध तोडू शकतो. एवढंच. पुरेसं आहे का, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर दर वेळी पुरत नाही. पण चुकीचा बिशप आला तर त्याला थांबवायलाही शतकं लागली आहेत, हेही इतिहासच सांगतो.

---

मेळघाटी

आमच्याकडे अचलपूर-अमरावती भागात कन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्ट मिशनचं काम होतं, माझी आजी त्यातली. ती सांगायची, आपण कॅथलिकांतूनही निघालो नाही आणि प्रोटेस्टंटांतूनही नाही, आपली रांग थेट बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापासून. परीक्षणात हे अभिमानाने सांग भाऊ. १६०९ ची गोष्ट मला आपल्याला लहान करणारी वाटते.

---

तळटीप

मेळघाटी, आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, हे परीक्षणात सांगितलं तर अडचण होईल.

अखंड रांगेची कल्पना १९ व्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत पसरली. टेनेसीचा जे. आर. ग्रेव्हज आणि त्याची लँडमार्क चळवळ, १८५१ चा कॉटन ग्रोव्हचा ठराव. त्यांच्या मते बॅप्टिस्ट मंडळी हीच खरी मंडळी आणि इतरांचे पाळक पाळकच नव्हेत. मिशनऱ्यांबरोबर ती शिकवण बऱ्याच ठिकाणी पोहोचली. पण या रांगेत जे मध्ययुगीन गट बसवले जातात त्यांतल्या काहींची शिकवण आपल्याला ऐकवणार नाही अशी होती. आजचे बहुतेक बॅप्टिस्ट इतिहासकार सुरुवात १७ व्या शतकातल्या इंग्लिश सेपरेटिस्टांपासून, म्हणजे राजाच्या चर्चपासून वेगळे झालेल्यांपासूनच धरतात.

त्याआधी ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, होतेच. झुरिकला २१ जानेवारी १५२५ च्या रात्री काही जणांनी विश्वासाचा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातला फेलिक्स मान्झ, त्याला १५२७ च्या जानेवारीत लिमात नदीत बुडवून मारलं. पाण्याचा गुन्हा, पाण्याचीच शिक्षा. त्यांचा आपल्यावर प्रभाव किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण स्मिथची मंडळी ॲमस्टरडॅमला मेनोनाइटांच्या शेजारातच राहत होती.

सीनाकाठ, तुमच्या लिखाणात एक भर. स्मिथने १६०९ मध्ये बुडवलं नव्हतं, पाणी ओतलं होतं. पूर्ण बुडवणं सुरू झालं ते पर्टिक्युलर मंडळ्यांत, १६४१-४२ च्या सुमारास. १६४४ च्या कबुलीत बुडवण्याचं कलम आहे आणि शेजारी टीप आहे की देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अंगावर योग्य कपडे असावेत, सगळं मर्यादेने व्हावं. कारण हे लोक बायामाणसांना उघडं करून बुडवतात अशा कंड्या लंडनमध्ये पिकवल्या जात होत्या. आपल्याकडे नदीवर बाप्तिस्मा झाला की गावात काय काय बोललं जातं ते आठवा.

---

मेळघाटी

ताई, वाचलं. दोन दिवस विचार केला. रांग सोडायला मन होत नाही, पण खोटं धरून ठेवण्यात आजीचा मान नाही.

तिच्या बाप्तिस्म्याची गोष्ट मात्र सांगतो, ती तिनेच सांगितलेली. पावसाळा नुकताच सरलेला, नदीला कमरेइतकं पाणी. पाळक आधी काठी घेऊन एकटे उतरले आणि तळ चाचपून आले. मग काठावर सगळ्यांसमोर प्रत्येकाला विचारलं. आजीला अक्षरओळख नव्हती. तिने सांगितलं, "मला वाचता येत नाही, पण तो माझ्यासाठी मेला हे मला ठाऊक आहे." पाळकांनी नाक दाबायला तिच्याच पदराचा घडी घातलेला शेव तिच्या हातात दिला, पाठीला हात लावला आणि खाली घेतलं. बाहेर आल्यावर बायकांनी चादरीचा आडोसा धरला. त्या दिवसापासून मंडळीच्या सभेत तिला मत मिळालं. गावच्या पंचायतीत तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. ती म्हणायची, पहिल्यांदा हात वर केला तेव्हा हात कापत होता.

---

जुनी घंटा

मेळघाटी, ही गोष्ट तुमच्या मंडळीत लिहून ठेवा. सीनाकाठ, तुझ्या कारभाराच्या भागाची सुरुवात इथून कर.

---

उंबराखाली

मी ख्रिस्ती नाही, भाषेच्या ओढीने धागा वाचतोय. केरी म्हणजे मराठी व्याकरणवाला केरी तोच का? आणि तो बॅप्टिस्ट होता तर महाराष्ट्रात बॅप्टिस्ट इतके कमी कसे?

---

तळटीप

तोच. १७९२ च्या २ ऑक्टोबरला केटरिंगमध्ये एका विधवेच्या घरच्या मागल्या खोलीत काही पाळक जमले आणि त्यांनी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी काढली. जमलेली वर्गणी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. १७९३ च्या नोव्हेंबरात केरी कलकत्त्याला पोचला, १८०० पासून सेरामपूरला. फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार काढला. कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. पण हा माणूस महाराष्ट्रात राहिला नव्हता. हुगळीच्या काठावर बसून, नागपूरकडच्या बोलीच्या वळणाने झालेलं ते काम, मुंबई-पुण्याकडच्या वाचकांना परकं वाटलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका जहाजात आहे. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सेलम इथे पाच तरुणांना एकत्र दीक्षा मिळाली: ॲडोनायरम जडसन, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, ल्यूथर राइस. पाचही काँग्रिगेशनल, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणारे. दोन जहाजांतून ते निघाले. जडसनला ठाऊक होतं की बंगालमध्ये बॅप्टिस्टांशी गाठ पडणार, म्हणून वाटेत त्याने बाप्तिस्म्याचा विषय नव्याने अभ्यासला. आणि त्याचंच मन पालटलं. ६ सप्टेंबर १८१२ ला कलकत्त्याच्या लालबाजार चॅपलमध्ये विल्यम वॉर्डने त्याला बुडवून बाप्तिस्मा दिला. नोव्हेंबरमध्ये राइसनेही घेतला. जडसन ब्रह्मदेशात गेला. राइस अमेरिकेत परतला आणि त्याच्या फिरण्यातून १८१४ मध्ये तिथल्या बॅप्टिस्टांचं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन उभं राहिलं. हॉल आणि नॉट यांचं मत बदललं नाही. ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. म्हणजे सीनाकाठ, तुमच्या आईचं देऊळ.

आणखी मागे जा. स्मिथची गेन्सबरोची मंडळी आणि शेजारची स्क्रूबीची मंडळी एकाच चळवळीतल्या. स्क्रूबीचे लोक लायडनला गेले आणि त्यांच्यातून पुढे मेफ्लॉवरवर बसून अमेरिकेला गेलेले पिलग्रिम आले. अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचं एक मूळ तिथे आहे. मंडळीने स्वतः पाळक निवडायचा, स्वतः कारभार करायचा, ही शिकवण दोन्हीकडे सारखीच. फरक पाण्यापाशी पडला.

---

सीनाकाठ

तळटीप ताई, हे मी चार वर्षं शिकलो, पण दोन टोकं कधी जोडली नव्हती. माझ्या पणजोबांच्या देवळात पंच निवडून यायचे, पाळकाचा पगार सभेत ठरायचा, हे घरात ऐकलेलं आहे. मी परक्या घरात आलो असं समजत होतो.

---

कापणी

सगळं वाचून मन भरून आलं, तरी एक कडू गोष्ट लिहायलाच हवी. तुम्ही सभासदांच्या सभेबद्दल इतक्या श्रद्धेने लिहिता. मी जिथे वाढले तिथे सभा म्हणजे तीन घराणी होती. सभासद यादीवर दोनशे नावं, त्यांतली निम्मी वर्षानुवर्षं भक्तीला न येणारी, मतदानाच्या रविवारी मात्र गाड्या भरून यायची. एका पाळकांनी शाळेच्या जागेच्या भाड्याचा हिशोब मागितला. पुढच्या सभेत त्यांना काढण्याचा ठराव एका मताने मंजूर झाला. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. वार्षिक परीक्षेच्या आधी त्यांना घर रिकामं करावं लागलं.

आणि मेळघाटींच्या आजीला मत मिळालं, पण तिच्या नातीला पाचारण झालं तर? मी स्वतः बी.डी. केलं आहे. मला रविवारची शाळा मिळते, बायकांची सभा मिळते, व्यासपीठ मिळत नाही. परीक्षणात हा प्रश्न आला तर तुम्ही काय सांगणार?

---

जुनी घंटा

कापणीताई, तुम्ही लिहिलंत ते मी दुसऱ्या गावांत डोळ्यांनी पाहिलं आहे.

रोगाचं मूळ मतदानात नाही, सभासदत्वात आहे. तारण झालेल्यांचीच मंडळी, ही बॅप्टिस्टांची पहिली शिकवण. बाप्तिस्मा विश्वासणाऱ्यालाच द्यायचा तो त्यासाठी. पण दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत बारा वर्षं झाली की पाण्यात उतरवायचं असा रिवाज पडतो, मग ते बालबाप्तिस्म्याहून वेगळं काय राहिलं? पाण्यातून सगळेच येतात, अंतःकरण पालटलेलं असतंच असं नाही. अशा यादीला मत दिलं की घराणी राज्य करणारच. म्हणून जुन्या मंडळ्यांत करार असायचा. सभासद होताना तो सगळ्यांसमोर वाचायचा, आणि दीर्घकाळ न येणाऱ्याला घरी जाऊन भेटून, समजावून, मग सभेपुढे नाव ठेवून कमी करायचं. ही शिस्त कडक वाटते. ती सोडल्यावर काय होतं ते ताईंनी लिहिलंच आहे.

स्त्री-पाळकांबद्दल बॅप्टिस्टांत एकवाक्यता नाही, आणि ते लपवू नये. इंग्लंडमध्ये बॅप्टिस्ट स्त्रिया १९२० च्या आसपास पाळकपदावर आल्या. अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्टांच्या एका मंडळीने १९६४ मध्ये ॲडी डेव्हिस यांना दीक्षा दिली. त्याच सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने २००० च्या आपल्या विश्वासपत्रात पाळकपद पुरुषांपुरतं असं लिहिलं. मी स्वतः बरीच वर्षं त्या दुसऱ्या बाजूला होतो. आता इतका ठाम नाही.

---

सीनाकाठ

कापणीताई, मी जे मानतो तेच सांगणार: प्रभूने दिलेलं दान मंडळीने पारखावं, स्त्री-पुरुष पाहून आधीच दार लावू नये. यावर माझी दीक्षा अडली तर अडो. आमच्या मंडळीत या विषयावर सभा झालेली नाही, ती व्हावी असंही मी सांगणार आहे.

---

गोदातीर

आमचे पणजोबा आंध्रातल्या ओंगोलकडचे, मुंबईला गिरणीत आले. बाप्तिस्म्याची घाई या विषयावर एक गोष्ट. १८७६-७८ च्या दुष्काळात मिशनरी जॉन क्लाफ यांनी कालव्याच्या खोदाईचं काम घेऊन हजारोंना मजुरी दिली, पण त्या काळात बाप्तिस्मे थांबवले. पोटासाठी कुणी पाण्यात उतरू नये म्हणून. मदत संपल्यावर लोक तरीही आले. ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ बाप्तिस्मे झाले, सहा उपदेशक आळीपाळीने दोन-दोन करून पाण्यात उभे. सगळे तो आकडा सांगतात. आमच्या घरात मात्र थांबवण्याचे महिने आधी सांगितले जातात.

---

भंडारदरा

मी सीएनआयचा, नगरचा. सीनाकाठ, तुझा पहिला संदेश वाचून वाईट वाटलं. तुझ्या आईच्या बाजूने कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्या सहांत उत्तर भारतातले बॅप्टिस्टही होते. केरीच्या मिशनच्याच कामातून उभे राहिलेले. त्यांनी बिशप मान्य केले, आणि इतरांनी विश्वासाचा बाप्तिस्मा मान्य केला. बालबाप्तिस्मा आणि नंतर दृढीकरण, किंवा बालकाचं समर्पण आणि नंतर बाप्तिस्मा, दोन्ही वाटा खुल्या. म्हणजे बॅप्टिस्टांनीच एकदा आपल्या हाताने हे केलेलं आहे. तुझ्या आईने तुला चाळीसाव्या दिवशी कराराच्या लेकराप्रमाणे प्रभूपुढे नेलं. तू पुन्हा पाण्यात उतरलास म्हणजे तिचं नेणं खोटं ठरवलंस. पाळक झाल्यावर माझ्यासारखा कुणी तुमच्या देवळात आला तर प्रभुभोजनाला हात पुढे करू देशील का?

---

सीनाकाठ

भंडारदरा दादा, हा घाव बरोबर जागी बसला. तीन दिवस उत्तर लिहून पुसत होतो.

प्रभुभोजनाचं आधी. बॅप्टिस्टांत यावर जुना वाद आहे. जॉन बन्यन, ज्याचं यात्रेकरूचं पुस्तक हरी केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं, तो बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं होता. बाहेर आल्यावर त्याने १६७३ मध्ये लिहिलं की पाण्याच्या बाप्तिस्म्याबद्दलचा मतभेद सहभागितेच्या आड येऊ नये. लंडनचे बॅप्टिस्ट त्याच्यावर तुटून पडले. विल्यम किफिनसारख्या आदरणीय पाळकाने विरुद्ध लिहिलं, आणि त्यांचं तर्कशास्त्र सरळ होतं: आधी बाप्तिस्मा, मग भोजन. मला ते तर्कशास्त्र कळतं. पण मी बन्यनच्या बाजूला आहे. दादा, तुम्ही आलात तर भाकर तुमच्यापर्यंत येईल.

आईच्या प्रश्नाला मी आता असं उत्तर देईन, आणि परवा गावी जाऊन दिलंही. तू मला दिलंस ते समर्पण होतं, आणि प्रभूने ते घेतलं. त्याने घेतलं म्हणूनच चोविसाव्या वर्षी मी स्वतःच्या तोंडाने हो म्हणू शकलो. मी पाण्यात उतरलो ते तुझ्या प्रार्थनेचं उत्तर म्हणून. माझं मत बदललेलं नाही, त्या दिवशी बाळाचा जो झाला त्याला मी बाप्तिस्मा म्हणत नाही. पण ते रिकामं होतं असंही कधी म्हणणार नाही.

आई बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "मग तो दाखला फाडू नकोस." मी म्हटलं, कधीच नाही.

---

भंडारदरा

मला पटलं नाही. पण दीक्षेला बोलाव, येईन.

---

सीनाकाठ

परीक्षण काल झालं. अकरा जण होते, पाच मंडळ्यांचे. साडेतीन तास.

तारणाबद्दल आणि पाचारणाबद्दल फार ताणलं नाही. हेल्विसवर एकानेही विचारलं नाही! बाप्तिस्म्यावर अर्धा तास. प्रभुभोजनावर दोघांनी स्पष्ट विरोध नोंदवला, तरी त्यासाठी शिफारस रोखणार नाही म्हणाले. स्त्री-पाळकांवर वाद त्यांच्यातच झाला, मी बसून ऐकत होतो. उरलेला सगळा वेळ सभासदांच्या सभेवर गेला. एका वयस्कर डिकनांनी विचारलं, "समज, डिकन समितीने कर्ज काढून हॉल बांधायचं ठरवलं, तुला ते चुकीचं वाटतं, आणि सभा त्यांच्या बाजूने मत देते. सोमवारी सकाळी तू काय करशील?" मी म्हणालो, सभेत माझं म्हणणं मांडलेलं असेल, आणि सोमवारी हॉलच्या कामाला लागेन. त्यांनी लगेच विचारलं, "आणि कर्ज फेडता आलं नाही तर 'मी सांगितलं होतं' असं म्हणशील?" याला उत्तर द्यायला मला वेळ लागला.

शिफारस अशी: मंडळीने एक वर्षासाठी उपदेशक म्हणून परवाना द्यावा, शिस्त आणि सभासद यादी यावरचा भाग पुन्हा लिहून आणावा, आणि दीक्षेचा विचार त्यानंतर करावा. मी घरी येऊन जुनी घंटा काकांचा ओल्नीवरचा परिच्छेद पुन्हा वाचला.

मंडळीची सभा येत्या रविवारी, भक्तीनंतर.

---

जुनी घंटा

यादीपासून सुरुवात कर. जे येत नाहीत त्यांची नावं वेगळ्या वहीत काढ आणि या वर्षात प्रत्येकाच्या घरी जा. एकट्याने जाऊ नकोस, एका डिकनाला बरोबर ने. पहिल्या भेटीत मंडळीचा विषय काढू नकोस, चहा घे आणि विचारपूस कर.

---

सीनाकाठ

वही घेतली आहे. एकोणीस नावं निघाली.